कलबुतावरचे पायमोजे

आषाढाच्या झडीत घरातल्या घरात बांधलेल्या दोरीवरचे कपडे चाचपून पाहण्याचे काम ज्याने केले आहे, त्याला पायमोज्याचा हट्टी स्वभाव निराळा सांगायला नको. सदरा वाळतो, धोतरही वाऱ्यावर हलून हलून कोरडे होते. पण पायमोजा वरून कोरडा लागला तरी त्याच्या टाचेत आणि बोटांच्या टोकाशी ओल दडून बसलेली असते, आणि ती जाईपर्यंत त्याचा आकार असा मुरगळून गेलेला असतो की तो कोणत्या पायाचा आणि केवढ्या पायाचा, हे ओळखणे कठीण व्हावे. घरात हे कोणी मनावर घेत नाही, कारण पाय आत गेला की मोजा पुन्हा पायासारखा होतो. परंतु जिथे रंगाच्या हौदातून रोज हजारो मोजे ओलेचिंब बाहेर पडतात, आणि जोडातले दोन्ही मोजे लांबीला, टाचेला व काठाला तंतोतंत जुळलेच पाहिजेत अशी सक्त ताकीद असते, तिथे वाळवणे हा मोठाच मामला होऊन बसतो. हा मामला होजिअरीच्या कारखान्यांनी वाफेच्या साह्याने कसा निकालात काढला, त्याची हकीकत ऐकण्यासारखी आहे. कारण तिच्यात पदार्थविज्ञानातला एक सुंदर नियम आणि कारागिराच्या हाताचे कसब, ही दोन्ही एका ठिकाणी नांदताना दिसतात.

मोज्याचे कापड मागावर विणलेल्या कापडासारखे नसते. मागावर उभे आणि आडवे धागे एकमेकांना जखडून धरतात. मोज्यात मात्र एकच धागा फासाफासांनी स्वतःतच गुंफत जातो. हे काम हातातल्या सुयांनी शतकानुशतके चालत आले होते. इंग्लंडातील नॉटिंगहॅम परगण्याच्या कॅल्व्हर्टन गावच्या विल्यम ली याने १५८९ साली त्यासाठी पहिले यंत्र सिद्ध केले, आणि एलिझाबेथ राणीकडे सनद मागितली; ती त्याला मिळाली नाही, तेव्हा तो आपली यंत्रे घेऊन फ्रान्सला गेला. पुढे त्याच यंत्राच्या वंशावळीतून नॉटिंगहॅम आणि लेस्टर या शहरांचा सारा विणकामाचा धंदा उभा राहिला. फासांच्या या गुंफणीमुळेच मोजा ताणतो, पायाला बिलगतो, आणि सोडला की आखडतो. पण याच गुणामुळे ओला असताना त्याला स्वतःचा असा आकार राहत नाही. एक फास ताणला गेला तर तो शेजारच्या फासातून धागा ओढून घेतो, आणि पाण्याने फुगलेले तंतू जिथे जसे पडतील तिथे तसे स्थिरावतात. म्हणून मोजा वाळवायचा म्हणजे त्यातले पाणी घालवायचे एवढ्याने भागत नाही. पाणी जात असताना त्याला ज्या आकारात धरून ठेवावे, तो आकार त्याच्या अंगी मुरतो. ओल्या धोतराच्या निऱ्या चुणून, पिळून ठेवल्या तर वाळल्यावर त्या कशा ताठ उभ्या राहतात, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना याचे मर्म चटकन उमगेल.

जोडे शिवणारा कारागीर चामड्याला पायाचा आकार यावा म्हणून ते लाकडी कलबुतावर चढवतो. मोज्यांच्या कारखानदारांनीही पूर्वी हीच युक्ती योजली होती. पायाच्या बाह्यरेषेप्रमाणे कापलेल्या गुळगुळीत, चपट्या फळीवर ओला मोजा चढवायचा, आणि अशा फळ्यांच्या रांगा तापवलेल्या खोलीत उभ्या करून ठेवायच्या, अशी वहिवाट होती. ‘बोर्डिंग’ हे या कामाचे नाव त्या फळीवरूनच पडले, आणि फळी जाऊन धातू आला तरी नाव कायम राहिले. परंतु या पद्धतीत उष्णता बाहेरून आत शिरत असे. मोज्याची वरची बाजू आधी कोरडी होई, फळीला चिकटलेली आतली बाजू ओलीच राही. लाकूड स्वतः पाणी पिऊन फुगे आणि पुढे तडके, आणि त्या तड्यात रेशमाचा नाजूक धागा अडकला की मोजा वाया जाई. शिवाय एका फळीवर एक मोजा बराच वेळ अडकून पडत असल्यामुळे फळ्यांचा आणि जागेचा खर्च वाढत जाई.

या अडचणीवर जो तोडगा निघाला तो दिसायला अगदी साधा आहे: साचा लाकडाचा न ठेवता धातूचा करावा, तो आतून पोकळ ठेवावा, आणि त्या पोकळीत बॉयलरमधली वाफ सोडावी. म्हणजे मोज्याच्या आत जणू एक ऊबदार पाय उभा राहतो, आणि पाणी आतून बाहेरच्या दिशेने निघून जाते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंड-अमेरिकेतील कारखान्यांत अशा साच्यांच्या रांगा टेबलांवर बसलेल्या असत. पुढे पुढे ते साचे फिरत्या चक्रावर किंवा साखळीवर बसवले गेले, आणि कारागिराने एका ठिकाणी उभे राहून मोजे चढवावेत व फेरा पूर्ण झाला की वाळलेले उतरवावेत, अशी तजवीज झाली.

पण मग वाफच का? तापलेली हवा किंवा गरम पाणी आत खेळवून भागले नसते का? याचे उत्तर ग्लासगोच्या जोसेफ ब्लॅक याने १७६० च्या सुमारास शोधलेल्या नियमात आहे. एक किलो पाण्याचे तापमान एका अंशाने वाढवायला एक किलोकॅलरी उष्णता पुरते. पण उकळत्या पाण्याची तेवढ्याच तापमानाची वाफ करायला ५४० किलोकॅलरी खर्ची पडतात, आणि तापमापकाचा पारा तर तसूभरही हलत नाही. ही गुप्त राहिलेली उष्णता वाफ आपल्या पोटात ठेव म्हणून बाळगते, आणि एखाद्या थंड पृष्ठभागाला टेकून तिचे पुन्हा पाणी झाले की ती सगळी ठेव त्या पृष्ठभागाच्या हवाली करते. मोदकपात्राचे झाकण काढताना हाताला बसणारा चटका उकळत्या पाण्याच्या चटक्याहून अधिक दाहक असतो, तो याच कारणाने.

साच्याच्या दृष्टीने वाफेचा याहूनही मोठा गुण निराळाच आहे, आणि तो म्हणजे तिची समदृष्टी. दाब ठरला की संपृक्त वाफेचे तापमानही ठरते: वातावरणाच्या दाबाला १०० अंश, मापकावर दोन बार दाब असताना सुमारे १३३ अंश. जोवर तिचे पाणी होत आहे तोवर हे तापमान ढळत नाही. मोज्याची टाच जाड असते, तिच्यात पाणी अधिक असते. त्यामुळे साच्याचा तेवढा भाग अधिक थंड होऊ लागतो. पण जिथे थंडावा अधिक तिथेच वाफही अधिक झपाट्याने विरते आणि तिथेच उष्णताही अधिक ओतते. गरज पाहून दान देणारा असा दाता गरम हवेत सापडत नाही. ती वाटेत थंड होत जाते, आणि शेवटच्या मोज्यापर्यंत पोहोचताना तिची शक्ती सरलेली असते. पात्रातल्या एकवीस मोदकांची पारी कळीपासून बुडापर्यंत सारखी शिजते, त्यातली किमयाही हीच आहे.

मात्र या दात्याच्या मार्गात दोन विघ्ने असतात, आणि त्यांचा बंदोबस्त केल्यावाचून साचा नीट तापत नाही. पहिले विघ्न म्हणजे वाफेचेच झालेले पाणी. ते साच्यात साचून राहिले तर वाफेला पत्र्याशी भिडायला जागा उरत नाही. म्हणून ते उताराने खाली वाहून जाईल अशी घडण ठेवावी लागते, आणि तोंडाशी ‘स्टीम ट्रॅप’ नावाची झडप बसवावी लागते, जी पाण्याला वाट देते आणि वाफेला अडवते. दुसरे विघ्न याहून लपंडावी आहे, ते हवेचे. सकाळी वाफ सोडताना साच्यात आधीच असलेली हवा पुढे रेटली जाऊन बंद टोकाशी कोंडली जाते, आणि मोज्याच्या साच्यात हे बंद टोक म्हणजे नेमकी बोटांची जागा. हवेचा तो अदृश्य बोळा बाहेर काढण्याची सोय नसेल, तर सारा मोजा खडखडीत वाळला तरी बोटांशी ओल राहते. दोरीवरच्या मोज्याचा दोष अशा रीतीने कारखान्यातही डोके वर काढतो, फक्त त्याचे कारण निराळे असते.

आता हे काम करणाऱ्या हातांकडे पाहू. पाण्यातून काढून पिळलेल्या मोज्यांची रास डाव्या हाताला पडलेली असते. कारागीर एक मोजा उचलतो, दोन्ही अंगठे काठाच्या आत घालून तो रुंद करतो, आणि बोटांच्या टोकापासून खाली असा ओढून घेतो की टाचेची पिशवी साच्याच्या टाचेवर अचूक बसावी. मग तळहात पोटरीवरून एकदाच, सरळ फिरवतो. मागे शिवण असलेला तलम मोजा असेल तर ती शिवण पोटरीच्या मध्यरेषेवर ओळंब्यासारखी उतरली पाहिजे, कारण या क्षणी ती जिथे असेल तिथेच ती कायम राहणार. हे सारे काही सेकंदांत उरकावे लागते; हाताखालचा धातू शंभर अंशांच्या वर तापलेला असतो, ओल्या मोज्यातून उठणारी वाफ तोंडावर येत असते, आणि नखाची एखादी कंगोरी धाग्यात अडकली की फास सुटून मोजा निकामी होतो. म्हणून या खात्यात नखे आणि तळहात गुळगुळीत राखणे हा कामाचाच भाग मानला जातो. मेहनताना सामान्यतः डझनावर मोजला जात असल्यामुळे हात मंदावून चालत नाही. तलम मोज्याच्या सुबक घडीकडे पाहताना या तापलेल्या हातांची आठवण राखली जावी, असे मला मनापासून वाटते. कारण यंत्र कितीही सुधारले तरी टाच टाचेवर बसवणारी नजर बराच काळ माणसाचीच राहिली.

हिशेबाच्या बाजूनेही हे खाते बोधप्रद आहे. सुती मोज्यांचा एक डझन जोड कोरडा ६०० ग्रॅम भरतो असे धरू. रंगाच्या पाण्यातून काढून नुसते निथळवले, तर त्यांच्या अंगात ९०० ग्रॅम पाणी सहज राहील. ते साच्यावर उडवायचे तर तापवण्यासह साडेपाचशे किलोकॅलरी, म्हणजे एक किलोच्या वर वाफ लागेल. तेच मोजे आधी जाळीच्या पिंपात घालून गरगर फिरवले, आणि पाणी ३०० ग्रॅमवर आणले, तर वाफेचा खर्च एक-तृतीयांशावर येतो. कारखान्यात ज्याला नुसते ‘हायड्रो’ म्हणतात ते हेच फिरते पिंप. जे पाणी गतीने जाते त्याला उष्णतेने घालवू नये, हा वाळवण्याच्या शास्त्रातला पहिला धडा आहे. दुसरा धडा संयमाचा. सूत कितीही वाळवले तरी हवेतून ते आपल्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के ओलावा परत घेतेच. तो नैसर्गिक ओलावाही जाळून टाकण्याइतके मोजे साच्यावर ठेवले, तर वाफ फुकट जाते आणि कापड रखरखीत होते.

मुंबईच्या गिरण्यांशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना हे सारे ओळखीचे वाटेल. तिथल्या सायझिंग खात्यात ताण्याच्या धाग्यांना खळ लावून ते वाफेने तापवलेल्या मोठमोठ्या पोकळ रुळांवरून वाळवत नेत. तत्त्व तेच, साच्याची आकृती तेवढी निराळी. आणि जिथे वाफ तिथे बॉयलर, जिथे बॉयलर तिथे सरकारी तपासणी. १८६३ साली कलकत्त्यात बॉयलरचा भीषण स्फोट झाल्यानंतर १८६४ मध्ये बंगालात तपासणीचा कायदा झाला, आणि पुढे १९२३ च्या भारतीय बॉयलर कायद्याने साऱ्या देशाला एकच नियमावली लागू केली. साच्याच्या पत्र्याआडून मोज्याला मायेने शेकणारी वाफ बेफाम झाली तर काय करते, याची जाणीव त्या कायद्याच्या कलमाकलमांत आहे.

या साधनाची खरी कसोटी मात्र नायलॉनने पाहिली. अमेरिकेतील ड्यूपाँ कंपनीत वॉलेस कॅरोदर्स याच्या प्रयोगशाळेत १९३५ साली जन्मलेला हा तंतू १५ मे १९४० रोजी मोज्यांच्या रूपाने अमेरिकेच्या दुकानांत सर्वत्र विक्रीला आला. कापसाचा तंतू पाण्याने नरम होतो आणि वाळला की जिथे असेल तिथे थांबतो. पण पुन्हा भिजला की तो आकार विसरतो. नायलॉनचा मोजा मात्र रंगाच्या गरम पाण्यात एकदा का चुरगळला, की त्या सुरकुत्या त्याच्या अंगी कायमच्या बसू शकतात. म्हणून इथे क्रमच उलटा करावा लागला. रंगवण्यापूर्वीच मोजे साच्यांवर चढवायचे, साच्यांची ती गाडी लोखंडी कोठीत ढकलून दार घट्ट लावायचे, आतली हवा काढून घ्यायची, आणि ११५ ते १३० अंशांची संपृक्त वाफ काही मिनिटे आत कोंडायची. त्या उष्ण ओलाव्यात तंतूच्या लांबलचक रेणूंमधले परस्परांचे बंध सैल होतात, रेणू साच्याच्या वळणाप्रमाणे आरामात बसतात, आणि थंड होताना नव्या जागी नवे बंध बांधून घेतात. कोरड्या उष्णतेने हेच साधायचे तर दोनशे अंशांच्याही पलीकडे जावे लागते. ओलावा साथीला असला की तेच काम कितीतरी कमी तापात पार पडते. पुढे त्या तापमानाच्या खाली मोजा कितीही वेळा धुतला तरी तो आकार ढळत नाही.

आज चढवणे-उतरवणेही पुष्कळ ठिकाणी यंत्रे करतात, आणि ताणणाऱ्या धाग्यांमुळे काही मोज्यांना पूर्वीइतकी कडक शिस्त लावण्याची जरुरी राहिलेली नाही. तरीही दुकानातून आणलेला कोरा मोजा हातात घेऊन पाहावा. तो पोकळ पायासारखा गोल नसून चपटा असतो. पुढून आणि मागून त्याला एक पुसट धार असते, आणि टाच काटकोनात वळलेली असते. ही त्या साच्याची सही आहे. सुती मोज्यावरची ती सही पहिल्या धुण्यात पुसली जाते, आणि मोजा पावसाळ्यातल्या दोरीवर पुन्हा आपल्या मूळ, मुरगळलेल्या स्वभावावर येतो. तलम नायलॉनच्या मोज्यावर ती बारा धुणी झाल्यावरही शाबूत असते. पुढच्या खेपेला दोरीवरून मोजे काढताना दोन्ही शेजारी शेजारी धरून पाहावेत: एकाला वाफेने केवळ वाळवले होते, आणि दुसऱ्याला घडवले होते, हे हाताला आपोआप कळेल.