मोरी पकडायची रात्र

मुलांनो, शार्क म्हटलं की तुम्हांला सिनेमातला तो अक्राळविक्राळ जबडाच आठवतो ना? पण शार्कची एक छोटी जात कोकणातल्या कालवणातही असते बरं का! मालवणात तिला मोरी म्हणतात, कुणी मुशी म्हणतं. हातभर लांब, चपट्या नाकाची.

तिच्यासाठी आम्ही चार मित्र देवबागच्या किनाऱ्यावर रात्री गळ टाकून बसलो होतो. आमिष बांगड्याच्या तुकड्याचं. गळाच्या वर वीतभर तार, कारण नुसता तंगूस ती दातांनी कचकन तोडते. काळोखात वासावर येते ती. शिवाय तिच्या नाकाडावर बारीक भोकं असतात. वाळूत दडलेल्या जिवंत माशाच्या अंगातली किंचितशी वीज तिला त्यांतून कळते! आहे की नाही गंमत?

मध्यरात्रीनंतर दोरीला हिसका बसला. ओढून काढली, तर पोट टम्म! गाबीत मित्राने बॅटरी धरली आणि म्हणाला, "पोटुशी आसा. सोडूया हिका."

दुसरा चिडलाच. तीन तासांत ही एकच मिळालेली, आणि घरी वाटण तयार! पण बांगडा हजारोंनी अंडी घालतो. मोरीची पिल्लं मात्र आईच्या पोटात नाळेला जोडून वाढतात, तुमच्या-आमच्यासारखी. एका वेळी जेमतेम दहा-पंधरा.

पकडीने गळ निघेपर्यंत आमचाच जीव वरखाली. पाण्यात ठेवली तर क्षणभर हलेचना. मग शेपटीचा एक फटका, आणि बॅटरीच्या उजेडात नुसता फेस.

"आता भूक लागली," चिडलेला मित्र म्हणाला आणि त्याने पुन्हा गळाला बांगडा लावला.