ओम्नीचं इंजिन खडखडतंय, स्लोला थरथरतंय? खोलण्याआधी हे तपासा



ओम्नी १९८४ साली आली आणि २०१९ मध्ये बंद झाली. पण किराणावाले, बेकरीवाले, केटरर, मंडपवाले यांच्या दारात ती आजही उभी दिसते. गाडी जुनी झाली की धंदेवाल्यांचा एक ठरलेला प्रश्न येतो: "सर, इंजिनमधून आवाज येतोय, सिग्नलला गाडी थरथरते, मिस्त्री म्हणतोय हाफ इंजिन करावं लागेल. करू का?"

मी उलट एकच विचारतो. कॉम्प्रेशन चेक केलं का? दहातल्या आठ जणांना ते काय असतं हेच माहीत नसतं. म्हणजे नुसता आवाज ऐकून हजारो रुपयांचं काम ठरतंय, आणि त्यात आठवडाभर गाडी गॅरेजला. धंद्याच्या माणसाला बिलापेक्षा हे आठ दिवस जास्त महाग पडतात.

पहिली गोष्ट डोक्यात पक्की करा. आवाज हा एक प्रश्न आहे आणि खराब आयडलिंग हा दुसरा. दोन्ही एकाच कारणाने असतील किंवा नसतीलही. गाडी स्लोला थरथरते ती खराब प्लगमुळे, आणि टिकटिक वाजतं ते टॅपेटमुळे, असं जुन्या गाडीत सर्रास असतं. दोन्ही एकत्र ऐकले की माणूस घाबरतो, आणि घाबरलेलं गिऱ्हाईक कशालाही हो म्हणतं.

दुसरं, ओम्नीचं इंजिन ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं, आणि आहे कुठे? पुढच्या सीटच्या खाली. तीन सिलिंडरचं इंजिन चारवाल्याइतकं मऊ चालत नाही, थोडी थरथर जन्मजात आहे. वर ते तुमच्या बुडाखाली, त्यामुळे आवाज आहे त्यापेक्षा मोठा वाटतो. तेव्हा "आधीपेक्षा किती बदललं?" हे बघा. दुसऱ्याच्या स्विफ्टशी तुलना करू नका.

आता आवाजाकडे. सर्वात आधी ऑईलची पट्टी काढून लेव्हल बघा. ऑईल कमी असेल तर बाकी सगळं डायग्नोसिस फुकट. मग सकाळी थंड इंजिन चालू करून ऐका आणि तासभर फिरवून पुन्हा ऐका. थंड असताना वाजतं आणि गरम झाल्यावर थांबतं, की उलट? मिस्त्रीला ही एवढी माहिती दिली तरी त्याचं अर्धं काम होतं.

वरच्या बाजूने शिवणयंत्रासारखी बारीक टिकटिक येत असेल तर बहुतेक टॅपेट. थंड इंजिनवर फीलर गेज लावून गॅप सेट करायचा, काम फार मोठं नाही. पण तशीच टिकटिक एक्झॉस्ट मॅनिफोल्डची पॅकिंग फुटल्यावरही येते. ती थंड असताना जास्त असते आणि लोखंड तापून फुगलं की कमी होते. चालू करताना चीं असा आवाज आला तर बेल्ट. सतत घुर्र येत असेल तर अल्टरनेटर किंवा वॉटर पंपाचं बेअरिंग. न्यूट्रलमध्ये घरघर येते आणि क्लच दाबला की थांबते, तर दोष गिअरबॉक्सच्या बाजूला. उलट, क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल तर क्लचचं रिलीज बेअरिंग. या दोन्हीत इंजिन खोलायचा काही संबंधच नाही!

घाबरायचं ते खालून येणाऱ्या जड खटखटीला. गाडी गरम झाल्यावर वाढते, रेस दिल्यावर किंवा चढावर ठोके स्पष्ट ऐकू येतात, आणि सोबत स्लोला ऑईलचा लाल दिवा लुकलुकतो. हे कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचं लक्षण. अशी गाडी "एवढी एक डिलिव्हरी करून येतो" म्हणून काढू नका, टो करा. बेअरिंगच्या कामात क्रँकही गेला तर खर्च कुठल्या कुठे जातो. थंडीत वाजणारी आणि पाच-दहा मिनिटांत विरणारी ठकठक मात्र बऱ्याचदा झिजलेल्या पिस्टनची असते. ती लगेच गाडी बंद पाडत नाही.

आता आयडलिंग. तुमची गाडी सीएनजी किंवा एलपीजीवर असेल तर सर्वात सोपी टेस्ट तुमच्या हातात आहे, एक रुपया खर्च नाही. गाडी पेट्रोलवर चालवून बघा. पेट्रोलवर मऊ आणि गॅसवर थरथर, तर दोष गॅसच्या किटमध्ये: रिड्यूसर, फिल्टर, ट्यूनिंग. फक्त पेट्रोलवर थरथर, तर पेट्रोलची लाइन, कारण कायम गॅसवर चालणाऱ्या गाडीचं पेट्रोल टाकीत महिनोन्‌महिने पडून असतं. दोन्हीवर सारखीच थरथर असेल तर प्रश्न स्पार्कचा, हवेचा किंवा कॉम्प्रेशनचा आहे. आणि याच क्रमाने तपासायचं, कारण खर्चही याच क्रमाने वाढतो.

प्लग काढून तिन्ही शेजारी ठेवा. टोक करडं-तपकिरी असेल तर ठीक. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, ओलं तेलकट म्हणजे ऑईल वर येतंय. तिन्ही सारखे काळे असतील तर दोष सगळ्या इंजिनला लागू आहे. एकच वेगळा असेल तर त्या एका सिलिंडरकडे बघा. हवेचं म्हणाल तर रबरी पाइप तडकतात, इनटेक मॅनिफोल्डची पॅकिंग ढिली होते आणि बाहेरची हवा आत खेचली जाते. अशी गाडी स्लोला थरथरते पण रेस दिली की बरीच सुधारते. एमपीएफआय गाडीत थ्रॉटल बॉडीवर साचलेला कार्बनही हेच करतो.

इथे एक कागद आठवला, जो तुमच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात पडलेला असतो. पीयूसी. पोलिसाला दाखवण्यापलीकडे तो कुणी वाचत नाही. पेट्रोल गाडीच्या पीयूसीवर स्लो स्पीडचे सीओ आणि एचसी असे दोन आकडे असतात. एचसी म्हणजे न जळलेलं इंधन, सिलिंडर मिसिंग करत असेल तर ते वाढतं. सीओ वाढला असेल तर मिक्स्चर जाड आहे. एचसी जास्त पण सीओ कमी असेल तर कुठूनतरी हवा शिरत असण्याची शक्यता मोठी. मागच्या दोन-तीन पावत्या शेजारी ठेवून वाचा. अर्थात मशीनची नळी खरंच सायलेन्सरमध्ये घातली असेल तर!

एवढं करूनही थरथर तशीच असेल, तर मग कॉम्प्रेशन टेस्ट. तिन्ही प्लग काढायचे, पेट्रोल आणि स्पार्क तोडायचे, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारायचा आणि प्रत्येक सिलिंडरचं प्रेशर गेजवर बघायचं. समजा आकडे १६५, १६० आणि ९० पीएसआय आले. आता कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑईल टाकून पुन्हा मोजायचं. आकडा चांगला वाढला तर रिंगा किंवा बोअर झिजलाय, म्हणजे हाफ इंजिनचा सल्ला बरोबर असू शकतो. वाढलाच नाही तर दोष व्हॉल्व्हमध्ये किंवा हेड गॅसकेटमध्ये. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकत्र कमी आले तर गॅसकेटवर संशय. म्हणजे हेड उतरवावं लागेल, पण पिस्टनला हात लावायची गरज नाही. या दोन कामांच्या बिलात मोठा फरक आहे, आणि तो कळायला अर्धा-पाऊण तास लागतो. टेस्टचे पैसे वेगळे मागितले तर घासाघीस न करता द्या.

आणि गॅसवाल्यांनो, हेड खोलण्याआधी टॅपेटचा गॅप बघायला लावाच. गॅसवर व्हॉल्व्हच्या सीट लवकर झिजतात. व्हॉल्व्ह वर सरकतो, गॅप कमी होत होत संपतो आणि व्हॉल्व्ह नीट बसत नाही. मग कॉम्प्रेशन पडतं आणि गाडी थरथरते. गंमत अशी की या वेळी टॅपेटचा आवाज येत नाही, उलट इंजिन शांत वाटतं. "आवाज गेला, बरं झालं" म्हणून मालक खूश, आणि आत व्हॉल्व्ह जळतोय. वेळेत सापडलं तर नुसत्या सेटिंगवर भागतं. उशीर झाला तर व्हॉल्व्ह आणि सीट दोन्ही बदलावी लागतात.

गॅरेजला गेल्यावर "हाफ इंजिन करा" किंवा "करू नका" असलं काही बोलू नका, तो त्याचा विषय आहे. तुम्ही फक्त सांगा: थंड असताना असं, गरम झाल्यावर असं, पेट्रोलवर असं, क्लच दाबल्यावर असं. हे मोबाइलवर रेकॉर्ड करून न्या, कारण गॅरेजच्या दारात गाडी हमखास शहाण्यासारखी वागते. कॉम्प्रेशनचे तिन्ही आकडे कामाच्या आधी आणि नंतर बिलावर लिहून घ्या. काढलेले पार्ट्स परत मागा. "खोलल्यावर बघू" असं उत्तर मिळालं आणि गेज लावायची तयारी नसेल, तर गाडी दुसऱ्या गॅरेजला न्या.