कॅडमियम, पाणी आणि भात

जपानमधल्या जिन्झू नदीच्या काठी कामिओका खाणीतलं कॅडमियम भातखाचरांत उतरलं आणि भातातून माणसांत गेलं. मूत्रपिंडं बिघडली, हाडं ठिसूळ झाली. लोकांनी या रोगाला नाव दिलं ‘इताई-इताई’, म्हणजे ‘दुखतंय, दुखतंय’. 1968 साली सरकारने त्याचं मूळ प्रदूषणात असल्याचं मान्य केलं.

अशा जमिनीत चुना घातला की आम्लता घटते आणि कॅडमियम मातीला धरून राहतं. पण खरी गंमत पाण्याची आहे. भात निसवण्याच्या आधी आणि नंतर सुमारे तीन आठवडे खाचर तुडुंब ठेवलं, तर मातीतला प्राणवायू संपतो, गंधकाचं सल्फाइड होतं आणि ते कॅडमियमला न विरघळणाऱ्या रूपात बांधून टाकतं. खाचर सुकलं की ते पुन्हा मोकळं होतं. आर्सेनिकचं मात्र नेमकं उलट! साचलेल्या पाण्यात तेच मोकळं होतं. म्हणजे एकाला कोंडावं तर दुसरं सुटतं.

म्हणून बियाण्याकडे वळणं मला अधिक शहाणपणाचं वाटतं. कॅडमियम भाताच्या मुळात शिरतं ते मुख्यतः मँगनीजच्या दारातून. जपानी संशोधकांनी कोशिहिकारी वाणावर कार्बन आयनांचा मारा करून हे दार बिघडलेली रोपं मिळवली. त्यांच्या दाण्यात कॅडमियम जवळपास उतरतच नाही.