रत्नागिरीस जाणाऱ्या सभासदांसाठी

गाळप हंगाम संपत आला की शेतकी कार्यालयात ऊसनोंदीबरोबर आणखी एक चौकशी सुरू होते. "साहेब, घरच्यांना घेऊन रत्नागिरीला जायचंय. कधी जावं, कसं जावं?" प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा यंदा आम्ही ते इथं लिहूनच देत आहोत.

जाण्याचा काळ एप्रिल ते मेचा पहिला पंधरवडा. ऊस गेलेला असतो, खोडव्याचं पाचट सरीत बसवून खताची पहिली मात्रा दिलेली असते आणि तिकडं आंबा चालू असतो. (ही कामं टाकून निघणाऱ्या सभासदास आमच्याकडून माहिती मिळणार नाही!) जूनमध्ये पाऊस धरला की बेत रद्द करावा. तिथं वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. 2021 च्या जुलैत आंबा घाटात दरडी आल्या, रस्ता खचला आणि अवजड वाहतूक बरेच दिवस बंद राहिली.

कोल्हापूरहून मलकापूर, आंबा, साखरपा, पाली, हातखंबा असा सुमारे 130 किलोमीटरचा रस्ता आहे. कोल्हापूरहून तिकडं थेट रेल्वे नाही, एस.टी. आहे, नाहीतर स्वतःची गाडी. घाट उजेडात उतरावा. ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचा, डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करायची नाही. आणि पिकअपच्या हौद्यात पोरंबाळं बसवून नेण्याची आपल्याकडची रीत या रस्त्यावर तरी नको.

आता समुद्राचं. गणपतीपुळ्याला आपल्या भागातून गेलेली तरणी पोरं बुडाल्याची बातमी वर्तमानपत्रात येते, तेव्हा "त्याला पोहता येत होतं" हे वाक्य बहुतेक वेळा ऐकू येतं. विहिरीचं पाणी जागेवर असतं, नदीचं एका दिशेनं जातं. समुद्रात लाटांनी किनाऱ्यावर आलेलं पाणी परत जाताना एखाद्या चिंचोळ्या पट्ट्यातून जोरानं आत ओढलं जातं. त्या पट्ट्यात लाटा कमी फुटतात, पाणी वरून शांत दिसतं, आणि नवखा माणूस नेमका तिथंच उतरतो. ओढ लागली तर किनाऱ्याकडं तोंड करून झुंजू नये, दम संपतो. अंग पाण्यावर टाकावं, हात वर करून हाक मारावी, आणि बळ असेल तर किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्याबाहेर येऊन मग वळावं. काठावरच्यानं मागोमाग उडी घेऊ नये; दोर, हवा भरलेली ट्यूब, बूच लावलेला रिकामा कॅन, जे हाताशी असेल ते फेकावं आणि जीवरक्षकाला बोलवावं.

भरतीची वेळ काढायला कोकणातले लोक पंचांग वापरतात. तिथीला तीननं गुणायचं, चारनं भागायचं. येईल तो पूर्ण भरतीचा साधारण ताास नव्हे, तर दिवसाचा आणि रात्रीचाही अंदाजे तास. त्यानंतर सहा तास ओहोटी. आता आपले लोक पुळ्याला जातात ते चतुर्थी बघून. चार त्रिक बारा, भागिले चार, म्हणजे तीन. दुपारी तीनच्या सुमारास भरती पूर्ण होते. दर्शन, जेवण, थोडी झोप करून मंडळी चार-पाचला पाण्यात उतरतात, तेव्हा समुद्र आत ओढत असतो. म्हणून चतुर्थीला संध्याकाळी वाळूतच बसावं, पाय भिजवावेत, पुरे. पौर्णिमा-अमावस्येला उधाण असतं, तेव्हा तर अधिकच जपावं. कुठं उतरावं हे तिथल्या कोळ्याला विचारावं. त्यानं नको म्हटलं की वाद घालू नये.

राहण्यास पुळ्याला देवस्थानचं भक्तनिवास आणि पर्यटन महामंडळाचं निवासस्थान आहे. रत्नागिरीहून आरे-वारे किनाऱ्याच्या रस्त्यानं पुळं 25 किलोमीटरच्या आसपास पडतं.

शहरात टिळक आळीत लोकमान्यांचं जन्मघर आहे. सावरकरांच्या पुढाकारानं आणि भागोजी कीर यांच्या पैशातून 1931 साली सर्व जातींना खुलं म्हणून उभं राहिलेलं पतितपावन मंदिर आहे. थिबा राजवाडा जरूर पाहावा. 1885 च्या युद्धात इंग्रजांनी ब्रह्मदेशच्या या राजाला पकडलं आणि पुढं इथं आणून ठेवलं. 1916 साली तो इथंच वारला. आता तिथं सरकारी संग्रहालय आहे, सुट्टीचा वार आधी विचारून घ्यावा. मुलं बरोबर असली तर झाडगावच्या सागरी संशोधन केंद्रातलं मत्स्यालय आणि देवमाशाचा सांगाडा दाखवावा.

पण शेतकऱ्यानं चुकवू नये ते खाडीपलीकडचं भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्र. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं हे केंद्र 'प्रताप' या नारळाच्या जातीमुळं माहीत झालं. तिथली 'लाखी बाग' बघावी. नारळाच्या दोन झाडांमधल्या जागेत दालचिनी, जायफळ, आणि खोडावर काळी मिरी. आम्ही पाच फुटी सरीत आंतरपीक घ्या म्हणून कंठशोष करतो, ते तिथं डोळ्यांनी दिसतं.

आंबा डझनावर घ्यावा, आणि शक्यतो बागेतच. 2018 साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, तरी परमुलखातला आंबा रत्नागिरी छापलेल्या पेटीत विकला जातो. पेटीवरचं नाव वाचून पैसे मोजू नयेत. एक फळ कापायला सांगावं. प्रवासाला तयार पण कडक फळ न्यावं, गाडीच्या टपावर उन्हात बांधू नये. घरी आल्यावर गवताच्या आढीत घालावं, दोन-तीन दिवसांनी उघडून पिकलेली फळं वेगळी काढावीत. भाट्याहून नारळाची रोपं आणायची असतील तर आधी केंद्रात चौकशी करावी, आणि लावण्यापूर्वी जमीन आम्हाला दाखवावी; चोपण रानात नारळ लावून बसलेले दोघे-तिघे सभासद आमच्या गटात आहेत.