फत्तेसिंह : एका नांवाचा अर्थ

‘फत्ते’ हा शब्द आपण इतक्या सहजपणें वापरतों कीं, तो परका असल्याचा विसर पडावा. शब्द अरबी, आणि त्याच्या धातूचा मूळ अर्थ ‘उघडणें’. बंद दरवाजा उघडणें व किल्ला जिंकणें यांतील नातें सांगावयास नको. अकबराच्या फत्तेपूर शिक्रींत तोच शब्द आहे. अक्कलकोटच्या इतिहासांत मात्र तो एका पोरक्या मुलाच्या नांवांत शिरला.

इ. स. १७०७ मध्यें औरंगजेबाच्या मृत्यूनंतर शाहू मोंगलांच्या कैदेंतून सुटून दक्षिणेकडे निघाले. वाटेंत पारद गांवीं त्यांना विरोध झाला व लढाईत तेथील पाटील सयाजी लोखंडे पडला. तेव्हां त्याच्या विधवेनें आपला लहानगा राणोजी शाहूंच्या पायांवर घातला. शाहूंनीं त्याला पदरांत घेतलें आणि पहिल्याच लढाईत यश आलें म्हणून त्याचें नांव फत्तेसिंह ठेविलें. लोखंड्यांचा मुलगा भोसले झाला, आणि पुढें अक्कलकोटच्या राजघराण्याचा मूळपुरुष ठरला. तें संस्थान १९४८ सालीं विलीन झालें.

या प्रसंगांत शाहूंची उदारता दिसते, आणि ती खरीहि आहे. पण शब्दार्थ पाहणाऱ्याचें मन येथें थबकतें. ही फत्ते कोणावर? त्या मुलाच्या बापावरच! पित्याचा पराभव सांगणारा शब्द त्यानें आयुष्यभर नांव म्हणून वागविला.

विसाव्या शतकाच्या आरंभीं अक्कलकोटच्या गादीवर होते तेहि फत्तेसिंहच. तोंवर तो सल बुजला होता. तें केवळ कुळांतील एक मानाचें नांव उरलें होतें.