विंचूदंशात वेदनेपेक्षा घामाकडे लक्ष द्या

पावसाळ्याच्या तोंडावर आणि पाऊस ओसरल्यानंतर घरात विंचू दिसणे ही कोकण-गोव्यातील कुटुंबांना नवी गोष्ट नाही. चुलीसाठी रचून ठेवलेली लाकडे, नारळाच्या सोडणांचा ढीग, चिऱ्यांच्या गडग्यातील फटी, उतरवून ठेवलेली कौले आणि न्हाणीघराचा ओलसर कोपरा ही त्याची हमखास सापडण्याची ठिकाणे. विंचू माणसाच्या वाटेला आपणहून जात नाही. झुरळे, कोळी आणि अन्य किडे यांच्या शोधात तो रात्री बाहेर पडतो आणि दिवस उजाडताच एखाद्या फटीत, चपलेत किंवा जमिनीवर पडलेल्या कपड्यात शिरून बसतो. हाताखाली वा पायाखाली दाबला गेला, की मात्र नांगी मारतो. त्यामुळे विंचू नुसता दिसला तर घाबरण्याचे कारण नाही. दंश झाला तर पुढील काही तास कसे हाताळले जातात, यावर बरेच काही अवलंबून असते.

काळा आणि तांबडा

आपल्याकडे ठळकपणे दोन प्रकारचे विंचू ओळखले जातात. मोठा काळा विंचू, म्हणजेच इंगळी, दिसायला भयंकर असतो. त्याचे पुढील आकडे जाड आणि शेपूट त्यामानाने बारीक असते. त्याच्या दंशाने असह्य कळा येतात. पण जिवाला धोका सहसा नसतो. तांबडा विंचू आकाराने लहान, साधारण दोन-तीन इंचांचा. त्याचे आकडे बारीक आणि शेपूट जाड असते. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या पट्ट्यात प्राणघातक ठरला तो हाच. सिंधुदुर्गाची हद्द गोव्याला लागून असल्याने इथल्या घरांनीही तीच सावधगिरी बाळगणे योग्य. रंग प्रत्येक वेळी नीट दिसतोच असे नाही. म्हणून आकडे आणि शेपूट यांच्या जाडीची तुलना ही अधिक उपयोगी खूण आहे. तरीही दंश झाल्यावर निर्णय विंचवाच्या आकारावर नव्हे, रुग्णाच्या लक्षणांवर घ्यावा.

महाडने दिलेला धडा

ही लक्षणे नेमकी कोणती, हे जगाला सांगितले ते महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी. १९७६ साली ते रायगड जिल्ह्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. विंचू चावलेले धडधाकट तरुण आणि लहान मुले काही तासांत फुप्फुसांत पाणी भरून दगावतात, हे त्यांनी डोळ्यांदेखत पाहिले. रुग्णांच्या उशाशी बसून त्यांनी नोंदी ठेवल्या. उलटी, दरदरून घाम, हातपाय गार पडणे आणि पुरुष रुग्णांमध्ये लिंगाची ताठरता ही हृदयावर होऊ घातलेल्या परिणामाची पूर्वसूचना असते, असे त्यांचे निरीक्षण १९८२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

तांबड्या विंचवाच्या विषामुळे शरीरात अ‍ॅड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा पूर लोटतो. रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, हृदयावर असह्य ताण येतो आणि फुप्फुसांत पाणी साचते. हे उमगल्यावर डॉ. बावस्कर आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी ‘प्राझोसिन’ ही रक्तदाबावरील स्वस्त गोळी वापरून पाहिली. आकसलेल्या रक्तवाहिन्या ती सैल करते. त्यांचे हे निष्कर्ष १९८६ साली ‘लॅन्सेट’नेच छापले. पूर्वी तीव्र विषबाधेच्या रुग्णांपैकी सुमारे ३० टक्के दगावत. हे प्रमाण पुढे १ टक्क्यापर्यंत खाली आले.

त्यानंतर विंचवावरील प्रतिविषही उपलब्ध झाले. महाडमधील ७० रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आले. प्राझोसिनच्या जोडीला प्रतिविष दिलेल्या ३५ रुग्णांपैकी ३२ जण दहा तासांत पूर्ण बरे झाले. केवळ प्राझोसिन दिलेल्या ३५ पैकी तेवढ्या वेळात ८ जण. २०२२ साली डॉ. बावस्कर यांना ‘पद्मश्री’ने गौरविण्यात आले.

दंश झाल्यास

नुसती कळ हे विषाचे माप नव्हे. रुग्ण वेदनेने विव्हळत असेल, पण अंग कोरडे आणि हातपाय उबदार असतील, तर धोका बहुधा कमी असतो. उलट कळ फारशी नसूनही रुग्ण घामाने निथळत असेल, उलट्या होत असतील, हातपाय गार पडत असतील, तर एक क्षणही दवडू नये.

दंशाची जागा साबण-पाण्याने धुवावी. फडक्यात गुंडाळलेला बर्फ लावल्यास कळ कमी होते. अंगठी, बांगड्या काढाव्यात. रुग्णाला शांत ठेवावे. दोरी आवळून बांधणे, जखमेला चीर देणे, रक्त चोखणे यांतून अपायच होतो. मंत्र, उतारा, झाडपाला यांत जाणारा वेळ हा उपचाराचा वेळ असतो. प्राझोसिनची गोळी घरच्या घरी देऊ नये. रक्तदाब पाहूनच ती द्यावी लागते. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा जवळचे आरोग्य केंद्र गाठावे. तेथून गरजेनुसार जिल्हा रुग्णालयात किंवा बांबोळीच्या गोमेकॉत पाठवता येते. लहान मुलांना लक्षणे नसली तरी डॉक्टरांना दाखवावेच. त्यांच्या बाबतीत विषाची बाधा अधिक वेगाने वाढते. विंचू पकडून नेण्याची गरज नाही.

घरात दिसल्यास

मुलांना आणि पाळीव प्राण्यांना दूर करावे. पायांत बूट घालून, रुंद तोंडाची काचेची बरणी विंचवावर पालथी घालावी, खालून जाड पुठ्ठा सरकवावा आणि बरणी उलटवावी. गुळगुळीत काचेवर त्याला चढता येत नाही. घरापासून दूर, झुडपांत वा दगडांच्या राशीजवळ त्याला सोडून द्यावे. हाताने किंवा आखूड काडीने उचलण्याचे धाडस करू नये. ‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण अक्षरशः खरी आहे: मादी पिलांना पहिली कात टाकेपर्यंत पाठीवर वाहते. अशा मादीवर झाडू मारला, तर पिले घरभर पांगतात.

एक दिसला म्हणजे आणखी असतील, अशी शंका आल्यास नोटा तपासण्यासाठी वापरतात तशी अतिनील प्रकाशाची विजेरी उपयोगी पडते. अंधारात तिचा झोत पडताच विंचू हिरवट-निळा चमकतो. शोध रात्रीच घ्यावा. तो तेव्हाच बाहेर असतो.

बाकीचे काम रोजच्या सवयींचे आहे. लाकडे आणि सोडणे भिंतीला टेकवून रचू नयेत, दारांखालच्या फटी बुजवाव्यात, खाट भिंतीपासून थोडी दूर ठेवावी, झुरळांचा बंदोबस्त करावा. चपला, बूट आणि खाली पडलेले कपडे झटकूनच घालावेत.