उंदीरसदृश मांसभक्षी शिशुधान प्राण्यांचे वर्गीकरण : आकारसाम्य, वंशसंबंध आणि जातिनिश्चितीचे प्रश्न

प्रस्तावना

रात्रीच्या वेळी भिंतीच्या कडेने चिरचिरत जाणारी चिचुंदरी महाराष्ट्रातील बहुतेक घरांत उंदरांतच जमा धरली जाते. प्राणिशास्त्राच्या दृष्टीने मात्र ती उंदीर नव्हे. उंदीर हा कृंतक गणातील प्राणी असून चिचुंदरी कीटकभक्षी आहे, आणि दोघांतील हा भेद जबडा उघडून पाहिला असता तत्काळ लक्षात येतो. शरीराच्या बाह्य आकारावरून नाते ठरविण्याची हीच चूक ऑस्ट्रेलियात गेलेल्या युरोपीय निसर्गअभ्यासकांच्या वाट्याला अधिक मोठ्या प्रमाणावर आली. तेथे त्यांना लहान, टोकदार मुस्कटाचे, निशाचर असे अनेक प्राणी आढळले. ते दिसण्यात उंदरासारखे. परंतु शिशुधान असलेले, म्हणजे अपक्व अवस्थेत जन्मलेली पिल्ले मातेच्या स्तनांना चिकटून वाढणारे, आणि आहाराने शिकारी होते. त्यांना दीर्घकाळ ‘पिशवीवाले उंदीर’ असेच संबोधले गेले. प्रस्तुत लेखात या प्राण्यांच्या वर्गीकरणाचा विकास आणि त्यातून उद्भवलेले जातिनिश्चितीचे प्रश्न यांचे विवेचन केले आहे. लेखात ‘प्रजाती’ ही संज्ञा जीनस या अर्थी, तर ‘जाती’ ही संज्ञा स्पीशीज या अर्थी वापरली आहे.

कुल आणि त्याची लक्षणे

हे प्राणी डॅस्यूरिडी या कुलात मोडतात. टास्मानियन डेव्हिल हा आठ-दहा किलो वजनाचा प्राणी याच कुलातील, आणि अवघ्या चार-पाच ग्रॅम वजनाचा लांबशेपटी प्लॅनिगेलही याच कुलातील. एकाच कुलात आकाराची एवढी तफावत असतानाही दातांची मूळ रचना मात्र समान राहिली आहे. उंदराच्या वरच्या व खालच्या जबड्यात पटाशीच्या दातांची एकेक जोडी असते, ते दात आयुष्यभर वाढत राहतात, आणि त्यांच्यामागे मोकळी जागा असते. डॅस्यूरिडी कुलात वर चार व खाली तीन जोड्या पटाशीचे दात, त्यामागे स्पष्ट सुळे, आणि कीटकांचे कवच फोडण्यास योग्य अशा टोकदार दाढा असतात. अँटेकायनस व डनार्ट यांच्या मुखात एकूण ४६ दात असतात. दुसरे लक्षण मागील पायांचे. कांगारू व बँडिकूट यांच्या मागील पायाचे दुसरे व तिसरे बोट परस्परांना जोडलेले असते, या कुलात ती सुटी असतात.

येथे ‘शिशुधान’ या शब्दाविषयीही थोडा खुलासा आवश्यक आहे. अँटेकायनसच्या मादीस कांगारूप्रमाणे पूर्ण पिशवी नसते. स्तनांभोवती त्वचेची उथळ घडी तेवढी असते आणि पिल्ले उघड्यावरच लोंबकळत असतात. म्हणजे गटाला ज्या अवयवावरून नाव पडले, तोच अवयव या गटातील अनेकांत नावापुरता आहे.

संग्रहालयातील कवट्यांचा काळ

अँटेकायनस ही प्रजाती मॅक्ले यांनी १८४१ मध्ये प्रस्थापित केली. तिच्या ग्रीक नावाचा अर्थ ‘हेजहॉगशी तुल्य’ असा आहे. हेजहॉग हा युरोपातील काटेरी कीटकभक्षी. त्याच्याशी या मऊ केसांच्या प्राण्याचे साम्य कोणत्या बाबतीत, हा प्रश्न आजच्या वाचकाला पडल्यावाचून राहत नाही. ओल्डफील्ड थॉमस यांनी १८८७ मध्ये स्मिन्थॉप्सिस, अर्थात ‘उंदरासारखा दिसणारा’, ही प्रजाती स्थापिली. हेच आजचे डनार्ट होत. हा शब्द नैर्ऋत्य ऑस्ट्रेलियातील न्यूंगार लोकांच्या भाषेतून आला आहे. थॉमस यांनी ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहाची जी सूची १८८८ मध्ये सिद्ध केली, तीत मात्र अँटेकायनसला स्वतंत्र स्थान न देता त्यातील जाती फॅस्कोगेल या प्रजातीत समाविष्ट केल्या. झुपकेदार शेपटीचा, वृक्षवासी फॅस्कोगेल आणि जमिनीवरील पालापाचोळ्यात फिरणारा अँटेकायनस यांना एकत्र बांधणारी ही व्यवस्था पुढे कित्येक वर्षे टिकली.

टेट यांनी १९४७ मध्ये या साऱ्याची फेरमांडणी केली. अँटेकायनस पुन्हा स्वतंत्र झाला आणि कोरड्या, खडकाळ प्रदेशांतील काही जातींसाठी स्यूडअँटेकायनस व पॅरँटेकायनस या नव्या प्रजाती निर्माण करण्यात आल्या. पुढील काही अभ्यासकांनी त्या परत अँटेकायनसमध्ये विलीन केल्या. आर्चर यांनी १९८२ मध्ये त्या पुन्हा वेगळ्या काढल्या आणि त्याच वेळी डॅसिकॅल्यूटा ही आणखी एक प्रजाती मांडली. एकाच कवटीवर काळाच्या ओघात तीन-चार नावांच्या चिठ्ठ्या लागल्या, त्या अशा रीतीने.

रेण्वीय पुरावा व त्याचे परिणाम

गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत तंतुकणिकांतील व केंद्रकातील डीएनएची तुलना सुरू झाली, तेव्हा टेट व आर्चर यांच्या संशयास पुष्टी मिळाली. स्यूडअँटेकायनस, पॅरँटेकायनस आणि डॅसिकॅल्यूटा यांचे निकटचे नाते अँटेकायनसशी नसून क्वोल व टास्मानियन डेव्हिल यांच्या शाखेशी असल्याचे दिसून आले. अँटेकायनसचा खरा निकटवर्ती फॅस्कोगेल ठरला. म्हणजे थॉमस यांचे एकत्रीकरण अगदीच निराधार नव्हते, असेही म्हणावे लागते. न्यू गिनीतील ज्या जाती अँटेकायनस म्हणून नोंदल्या होत्या, त्या म्युरेक्सिया या प्रजातीत गेल्या. डनार्ट, प्लॅनिगेल व निंगाउई यांची शाखा या सर्वांपासून बरीच आधी वेगळी झालेली आहे.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. ‘उंदीरसदृश’ हा वर्गीकरणातील गट नव्हे, ते केवळ शरीराच्या आकाराचे वर्णन आहे. हा आकार कुलाच्या सर्व प्रमुख शाखांत आढळतो.

शरीररचनेऐवजी जीवनक्रमाचा आधार घ्यावा, तर तोही पुरेसा ठरत नाही. अँटेकायनसच्या सर्व जातींत वर्षातून एकदाच, थोड्या आठवड्यांचा समागमकाळ येतो, आणि त्यानंतर त्या वर्षीचे सर्व नर मरण पावतात. रक्तातील ताणसंप्रेरकांचे प्रमाण अतोनात वाढून प्रतिकारशक्ती कोसळते, जठरात व्रण होतात, आणि वर्षभराचा होण्यापूर्वीच नराचे आयुष्य संपते. सस्तन प्राण्यांत अत्यंत विरळ असलेले हे लक्षण एकाच वंशाची खूण असेल असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात ते फॅस्कोगेलमध्ये आढळतेच, परंतु दुसऱ्या शाखेतील डॅसिकॅल्यूटामध्येही आढळते.

एका नावाखालील अनेक जाती

समागमकाळाचा उपयोग शाखा ठरविण्यास झाला नाही, तरी जाती ओळखण्यास झाला. आग्नेय ऑस्ट्रेलियातील तपकिरी अँटेकायनस दीर्घकाळ स्टुअर्टाय ही एकच जाती मानली जात होती. दिनमानातील बदलाच्या वेगावर मादीचे ऋतुचक्र अवलंबून असल्याने एका ठिकाणच्या सर्व माद्या जवळजवळ एकाच वेळी समागमक्षम होतात. जेथे दोन प्रकारचे प्राणी एकाच जंगलात राहत होते, तेथे त्यांचे काळ भिन्न असल्याचे आढळले. ज्या नराला आयुष्यात एकच हंगाम मिळतो, त्याच्या बाबतीत हा फरक भिंतीइतका अभेद्य ठरतो. प्रथिनांच्या जनुकीय तपासणीतूनही हाच भेद दिसला, आणि १९९८ मध्ये डिकमन व सहकाऱ्यांनी अँटेकायनस ॲजिलिस ही स्वतंत्र जाती वर्णिली.

याचा एक परिणाम अध्यापकांनी विशेष लक्षात घ्यावा असा आहे. नरांच्या सामूहिक मृत्यूवरील १९६० नंतरचे कितीतरी मूलभूत संशोधन स्टुअर्टाय या नावाने प्रसिद्ध झाले आहे. त्यांपैकी व्हिक्टोरियातील अभ्यासांतले प्राणी वस्तुतः ॲजिलिस होते. जुना शोधनिबंध वाचताना शीर्षकातील नावापेक्षा नमुने कोठून घेतले होते, हे आधी पाहावे लागते. पाठ्यपुस्तकांतून ही दुरुस्ती क्वचितच केलेली आढळते.

२०१२ ते २०१५ या काळात बेकर व सहकाऱ्यांनी मिस्टिकस, अर्जेन्टस, आर्क्टोस आणि व्हॅनडायकाय या आणखी चार जातींचे वर्णन केले. त्यांपैकी आर्क्टोस क्वीन्सलँड व न्यू साऊथ वेल्स यांच्या सीमेवरील ट्वीड या प्राचीन ज्वालामुखीच्या उंच, दमट भागात राहतो. २०१४ पूर्वी तो दूरवर पसरलेल्या एका सामान्य जातीचा उत्तरेकडील समूह समजला जात असे, आणि सामान्य जातीच्या एका टोकाची चिंता कोणी करीत नाही. स्वतंत्र नाव मिळाल्यानंतर चार वर्षांनी, २०१८ मध्ये, अर्जेन्टससह त्याची संकटग्रस्त म्हणून राष्ट्रीय सूचीत नोंद झाली.

नामकरणाची दिशा नेहमी विभाजनाचीच असते असे मात्र नाही. २००० मध्ये वर्णिलेल्या स्यूडअँटेकायनस रोरिआय या जातीचे वेगळेपण पुढील जनुकीय अभ्यासांत टिकले नाही. कांगारू बेटावरील डनार्टची कथा याहून गुंतागुंतीची आहे. १९६९ मध्ये झाडोरा तोडण्याचे काम चालू असता एका कुत्र्याने दोन प्राणी पकडले, ते याचे पहिले नमुने. १९८४ मध्ये ती स्मिन्थॉप्सिस ऐटकेनाय ही स्वतंत्र जाती म्हणून वर्णिली गेली. कालांतराने जनुकीय तुलनेत ती मुख्य भूमीवरील फुलिजिनोसस या जातीची उपजाती ठरली. दरम्यान २०१९-२० च्या वणव्यांत तिच्या ज्ञात अधिवासाचा बहुतांश भाग जळून गेला, आणि वाचलेल्या तुकड्यांभोवती रानमांजरांचा वावर वाढला. मारलेल्या मांजरांच्या जठरांत या डनार्टचे अवशेष मिळाले. ऑस्ट्रेलियाच्या कायद्यात उपजातीलाही संरक्षण मिळू शकते, म्हणून दर्जा उतरल्याने तिचे छत्र गेले नाही. ज्या देशांच्या याद्या केवळ जातीपाशी थांबतात, तेथे असाच बदल घातक ठरला असता.

अगदी अलीकडे, २०२३ मध्ये, पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या पिलबारा प्रदेशातून प्लॅनिगेल केन्ड्रिकाय व प्लॅनिगेल टीलिआय या दोन जातींचे वर्णन अंब्रेलो व सहकाऱ्यांनी केले. डोके चपटे असलेले हे प्राणी जमिनीच्या भेगांत वावरतात. पिलबारा हा लोहखनिजाच्या प्रचंड खाणींचा प्रदेश असून खाणीपूर्वीच्या पर्यावरणीय सर्वेक्षणांत हे प्राणी वारंवार सापडत आले होते. केवळ त्यांची नोंद इतरत्रच्या परिचित जातींच्या नावाने होत राहिली. त्या सर्वेक्षणांचे अहवाल आणि संग्रहालयांतील जुन्या बरण्यांवरील चिठ्ठ्या आता एकेक करून तपासाव्या लागणार आहेत.